झटक्यानंतर रक्तवाहिनी मोकळी झाली, तरी हृदय पसरत का जाते? यात दाहाचा वाटा किती?

विचारणारा_धाकटा

माझ्या थोरल्या बंधूंना काही महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका आला. छातीतली जळजळ पित्ताची असावी असे समजून रुग्णालयात पोहोचायला उशीर झाला. तेथे अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी वाहिनी मोकळी करण्यात आली आणि स्टेंट बसवण्यात आला. घरी सोडताना केलेल्या इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या जवनिकेतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ४५ टक्के होते. आताच्या इकोमध्ये ते ३८ टक्के आले असून डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, आधीपेक्षा मोठी झाल्याचे अहवालात लिहिले आहे. स्टेंट उघडा आहे, दुसरा झटका आलेला नाही आणि औषधांत खंड पडलेला नाही. डॉक्टरांनी या बदलाला 'रिमॉडेलिंग' म्हटले आणि झटक्यानंतर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने जो दाह निर्माण केला, त्याचा यात मोठा हात असतो असे ओघात सांगितले. बाहेर रुग्णांची रांग असल्यामुळे त्यांना अधिक विचारता आले नाही.

माझी अडचण अशी आहे की, प्रतिकारयंत्रणेचे काम जंतूंशी लढण्याचे, हे आम्ही शाळेत शिकलो. येथे जंतू कोठेच नाहीत, मग ही यंत्रणा जागी का होते आणि रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यानंतरही इतके महिने नुकसान का करत राहते? दुसरे म्हणजे, नुकसान दाहामुळे होत असेल, तर स्टेरॉइड किंवा सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या देऊन ते थांबवता का येत नाही? नात्यातील एका वडीलधाऱ्यांनी अशी एक गोळी सुचवली आहे. अद्याप ती दिलेली नाही. जाणकारांनी थोडे विस्ताराने लिहिले तर उपकार होतील.

हृदयवैद्य

ती गोळी देऊ नका. कारण पुढे येईलच, परंतु ही गोष्ट उत्तराच्या शेवटापर्यंत थांबण्यासारखी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रतिकारयंत्रणा केवळ जंतू ओळखत नाही, ती इजाही ओळखते. हृदयस्नायूची पेशी रक्ताअभावी मरते तेव्हा तिचे आवरण फुटते आणि एरवी पेशीच्या आतच राहणारे पदार्थ, म्हणजे एटीपी, केंद्रकातील काही प्रथिने, मायटोकाँड्रियातील डीएनए, बाहेर सांडतात. हे पदार्थ बाहेर दिसणे हीच प्रतिकारयंत्रणेसाठी धोक्याची सूचना असते. जिवाणूंच्या आवरणातील घटक ओळखण्यासाठी पेशींवर जे ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यांपैकी काही ग्राहक या सांडलेल्या पदार्थांनाही प्रतिसाद देतात. त्यामुळे जंतुसंसर्ग आणि जंतुविरहित इजा या दोन्हींत पुढची साखळी पुष्कळ अंशी सारखीच चालते. त्या साखळीत एनएलआरपी३ नावाची प्रथिनांची एक जुळणी तयार होते, ती इंटरल्यूकिन-१ बीटा हा संदेशवाहक रेणू सक्रिय करते, त्यापाठोपाठ इंटरल्यूकिन-६ वाढते आणि यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन तयार करू लागते. झटक्यानंतर एक-दोन दिवसांत रुग्णाला बारीक ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, त्यामागे बहुधा हेच असते.

पहिल्या काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मृत भागात शिरू लागतात. त्या मृत पेशींचा आणि तुटलेल्या तंतूंचा निचरा करतात, पण त्यासाठी जी विकरे (एन्झाइम) आणि जे ऑक्सिजनचे तीव्र रेणू त्या सोडतात, त्यांना मृत पेशी आणि शेजारची जेमतेम वाचलेली पेशी यांतला फरक कळत नाही. त्यांच्यामागून मोनोसाइट येतात आणि ऊतीत शिरल्यावर मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी बनतात. सुरुवातीच्या भक्षक पेशी दाह वाढवणाऱ्या असतात. काही दिवसांनी, मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून झाल्यावर, त्यांचे वागणे पालटते आणि त्या इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा असे रेणू सोडू लागतात. त्या संदेशाने फायब्रोब्लास्ट पेशी जाग्या होतात, कोलॅजन विणतात आणि काही आठवड्यांत मृत स्नायूच्या जागी व्रण तयार होतो.

हा व्रण आवश्यक असतो, कारण प्रौढ माणसाच्या हृदयात नवे स्नायू तयार होण्याचे प्रमाण अत्यल्प आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ च्या आधारे २००९ साली जे मापन झाले, त्यानुसार पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का हृदयपेशी नव्या बनतात आणि पंच्याहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. मोठ्या झटक्यात शंभर कोटींपर्यंत पेशी मरू शकतात. एवढी पोकळी भरून काढण्याचा कोलॅजनखेरीज दुसरा मार्ग शरीराजवळ नाही. दाह झाला नाही तर व्रण होणार नाही, आणि व्रण झाला नाही तर पहिल्या आठवड्यातच हृदयाची भिंत फाटण्याची भीती असते.

नुकसान होते ते दोन प्रकारे. पहिला प्रकार असा की, दाह वेळेत ओसरत नाही, भक्षक पेशींचे ते पालटणे अपुरे राहते आणि कोलॅजन तोडणारी विकरे विणकामापेक्षा वरचढ ठरतात. मग व्रण कच्चा असतानाच रक्ताच्या दाबाने ताणला जातो, पातळ होतो आणि जवनिका पसरते. दुसरा प्रकार अधिक सावकाश चालतो आणि आपल्या बंधूंच्या बाबतीत बहुधा तोच महत्त्वाचा असेल. जिथे झटक्याची झळ पोहोचलेली नव्हती, त्या निरोगी भागातही दाहाच्या पेशी आणि फायब्रोब्लास्ट पसरतात, स्नायूंच्या तंतूंमध्ये कोलॅजनचे बारीक जाळे साचते आणि उरलेला स्नायू ताठर होतो. त्यातच लाप्लासचा नियम आड येतो. पोकळी जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका भिंतीवरचा ताण अधिक. वाढलेला ताण हाच पुन्हा पेशींना इजेची सूचना देतो. मूत्रपिंडांना रक्त कमी पडते म्हणून अँजिओटेन्सिन वाढते आणि तो रेणू स्वतःच दाह व तंतुमयता, म्हणजे कोलॅजनचे हे साचणे, वाढवणारा आहे. म्हणजे आरंभीचे कारण दूर झाले, स्टेंट उघडा राहिला, तरी हे चक्र आपल्याच बळावर फिरत राहते. वाहिनी मोकळी असूनही इजेक्शन फ्रॅक्शन ४५ वरून ३८ वर येते ते असे. मात्र दोन इकोंमध्ये मोजणाऱ्याच्या हातानुसार ५ ते ७ टक्क्यांचा फरक सहज पडतो, हेही ध्यानात ठेवावे. मला त्या आकड्यापेक्षा जवनिकेचे वाढलेले आकारमान अधिक बोलके वाटते.

पेशीवेडी

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, प्रयोगशाळेत प्रतिकारपेशींवर काम करते. हृदयवैद्य यांच्या उत्तरात एक भर घालते, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयात जे खरोखर नवे हाती लागले आहे ते या भरीतच आहे.

सर्व भक्षक पेशी एका घरातून येत नाहीत. निरोगी हृदयातही भक्षक पेशी मुक्कामाला असतात. त्यांतील पुष्कळशा गर्भावस्थेतच तेथे पोहोचलेल्या असतात आणि पुढे जागच्या जागी विभागून आपली संख्या राखतात. या निवासी पेशी केरकचरा उचलतात, नव्या केशवाहिन्यांना उत्तेजन देतात आणि उंदरांमध्ये तर विद्युतसंदेश वाहण्यासही मदत करताना दिसल्या आहेत. याउलट झटक्यानंतर अस्थिमज्जेतून रक्तावाटे ज्या येतात, त्यांच्या पृष्ठभागावर सीसीआर२ नावाचा ग्राहक असतो आणि त्या इंटरल्यूकिन-१ बीटासारखे दाहक रेणू मोठ्या प्रमाणात सोडतात. उंदरांत अगोदर दिसलेला हा भेद मानवी हृदयाच्या नमुन्यांतही दिसला आहे. झटक्यात निवासी पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि त्यांची जागा बाहेरून आलेल्या घेतात. म्हणून 'प्रतिकारपेशी चांगल्या की वाईट' या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता येत नाही. कोणत्या पेशी, कोठून आलेल्या आणि कितव्या दिवशी, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा राहतो.

प्लीहेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. प्लीहा हा मोनोसाइटांचा राखीव साठा असतो आणि हृदयाला इजा होताच तो साठा रक्तात सोडला जातो, हे २००९ साली उंदरांमध्ये दाखवले गेले. हृदय एका जागी दुखावते आणि पोटातील एक अवयव त्याला कुमक पाठवतो, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. झटक्यानंतर अस्थिमज्जेचे उत्पादनही वाढते आणि त्यामुळे दूरच्या रक्तवाहिन्यांमधील चरबीचे थरही अधिक दाहयुक्त होऊ शकतात, असे प्राण्यांमध्ये आढळले आहे.

विचारणाऱ्यांचा 'इतके महिने का' हा जो प्रश्न आहे, त्याला जवळचे असे एक काम २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आले. मानवी हृदयांच्या नमुन्यांतील एकेका पेशीची जनुकीय तपासणी करून संशोधकांनी पाहिले की, सीसीआर२ असलेल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटाच्या द्वारे फायब्रोब्लास्टच्या एका विशिष्ट गटाला थेट संदेश देतात आणि तोच गट कोलॅजन साचवण्यात पुढे असतो. उंदरांमध्ये हा संदेश अडवल्यावर तंतुमयता कमी झाली आणि हृदयाचे काम सुधारले. दाह आणि तंतुमयता या दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात हे पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांना जोडणारा दुवा आता नेमका दिसू लागला आहे.

टी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या आणखी एका प्रकाराबद्दल इतकेच सांगते की, त्याही या खेळात आहेत. उच्च रक्तदाबामुळे होणाऱ्या बदलांत तर त्यांचा भाग विशेष आहे, कारण ज्या उंदरांत टी आणि बी पेशी तयारच होत नाहीत, त्यांचा रक्तदाब अँजिओटेन्सिन देऊनही इतरांइतका चढत नाही, हे २००७ साली दिसून आले.

विचारणारा_धाकटा

दोघांचेही मनापासून आभार. चक्र आपल्या बळावर फिरत राहते, हे वाचल्यावर अनेक गोष्टी उलगडल्या. परंतु त्यामुळेच माझा दुसरा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. पहिल्या आठवड्यात व्रणासाठी दाह हवा, हे मान्य. आता तर ते दिवस सरले आहेत. आता हा दाह दाबला तर बिघडते कोठे? उंदरांमध्ये इंटरल्यूकिन-१ अडवून लाभ होतो, तर माणसांत ते अजून रुळले का नाही? बंधूंच्या अहवालात सीआरपी ४.२ आहे, त्याचा अर्थही कोणी सांगावा.

हृदयवैद्य

प्रश्न रास्त आहे आणि तो फार मोठमोठ्यांनीही विचारला आहे. त्याचा इतिहास थोडा तपशिलाने सांगतो, कारण येथे तर्क आणि अनुभव यांची फारकत वारंवार झालेली आहे.

आरंभ स्टेरॉइडपासून झाला. १९७० च्या दशकात झटक्याच्या रुग्णांना स्टेरॉइड देऊन पाहिले गेले. काही अहवालांत व्रण भरण्यास विलंब झाल्याचे आणि भिंत फुगून पातळ झाल्याचे आढळले, आणि पुढे एकत्रित विश्लेषणात मृत्यू वाढल्याचे सिद्ध झाले नसले तरी ती वाट वैद्यकाने सोडली ती सोडलीच. त्यानंतर १९९० मध्ये तीव्र हार्ट फेल्युअरच्या, विशेषतः खंगलेल्या रुग्णांच्या रक्तात टीएनएफ हा दाहक रेणू वाढलेला आढळला. प्राण्यांना टीएनएफ दिला तर हृदय दुबळे होते, हेही दिसले. तेव्हा टीएनएफ अडवला की हार्ट फेल्युअर सुधारणार, याबद्दल फारशी कोणाला शंका उरली नव्हती. पण टीएनएफ अडवणाऱ्या एटानरसेप्टच्या मोठ्या चाचण्या लाभ दिसण्याची शक्यता नसल्याने मध्येच थांबवाव्या लागल्या. तसेच काम करणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबच्या १५० रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम या मात्रेत मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण उलट वाढले. आजही मध्यम ते तीव्र हार्ट फेल्युअर असलेल्यांना ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रा देऊ नये, असा इशारा त्या औषधावर असतो.

असे का झाले, याचे माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे की, टीएनएफ एका ग्राहकामार्फत पेशीला मारतो आणि दुसऱ्या ग्राहकामार्फत तिचे रक्षणही करतो. सरसकट अडवणूक केली की दोन्ही कामे बंद पडतात. शिवाय रक्तात एखादा रेणू वाढलेला दिसणे, ही रोगाची खूण असते. तोच रोगाचा चालक असेल असे नाही.

इंटरल्यूकिन-१ बाबत चित्र बरेच निराळे आहे. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ बीटाला बांधणारे औषध १०,०६१ रुग्णांत तपासले गेले आणि कँटॉस नावाच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांना पूर्वी झटका येऊन गेलेला होता आणि सीआरपी २ किंवा अधिक होते. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले आणि कोलेस्टेरॉल मात्र जसेच्या तसे राहिले. दाह कमी केल्याने हृदयाला लाभ होऊ शकतो, याचा माणसांमधील पहिला भक्कम पुरावा म्हणून मी याच चाचणीकडे बोट दाखवतो. पुढे त्याच रुग्णांच्या नोंदींतून असेही दिसले की, मात्रा वाढेल तसे हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचे प्रमाण कमी होत गेले. पण एकूण मृत्यू घटले नाहीत आणि जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. प्रतिकारयंत्रणेचा हात बांधला तर जंतूंशी लढणारा हातही बांधला जातो, ही किंमत तेथे उघड दिसली. हृदयासाठी त्या औषधाला मान्यता मिळाली नाही. आमवातावरचे औषध मेथोट्रेक्सेट याच्या कमी मात्रेची ४,७८६ रुग्णांमधील चाचणी २०१८ मध्ये निष्फळ ठरली. तिच्यात इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपी यांपैकी काहीच खाली आले नव्हते. याचा अर्थ, 'दाहविरोधी औषध' हा शब्द फार ढोबळ आहे आणि साखळीतला कोणता दुवा तुटतो, हे पाहणे भाग आहे.

आता आपल्या नातलगांनी सुचवलेल्या गोळीबद्दल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात. वर सांगितलेली इंटरल्यूकिनची साखळी त्यांनी तुटत नाही. प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर मूत्रपिंडातला रक्तप्रवाह टिकून असतो, विशेषतः हृदय दुबळे असताना. तो आधार गेला की शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो, लघवीच्या गोळ्यांचा परिणाम घटतो आणि श्वास लागून रुग्ण पुन्हा भरती होतो. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही अडथळा आणते. स्टेंट असलेल्या माणसाला ते परवडणारे नाही.

रक्ततपासनीस

सीआरपीबद्दल थोडक्यात लिहितो. अतिसंवेदनशील पद्धतीने मोजलेले असेल तर दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे जोखीम कमी, १ ते ३ म्हणजे मध्यम आणि ३ पेक्षा अधिक म्हणजे जास्त, असे ढोबळ टप्पे मानतात. साध्या पद्धतीने मोजलेले असेल तर ४.२ या आकड्याला फारसा अर्थ नाही; अहवालावर पद्धत लिहिलेली असते, ती पाहावी. आकडा १० च्या वर गेला तर हृदयापूर्वी सर्दी-ताप, दातांचे किंवा हिरड्यांचे दुखणे, लघवीचा संसर्ग यांचा विचार करावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पोटावरची चरबी आणि धूम्रपान यांनीही हा आकडा वर राहतो. सीआरपी यकृतात बनते, त्यामुळे दाह हृदयात चालू आहे की गुडघ्यात, हे त्यावरून सांगता येत नाही. जवनिकेवरील ताण जाणून घ्यायचा असेल तर एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी अधिक उपयोगाची, आणि व्रण किती, सूज किती, हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर हृदयाचा एमआरआय.

जुना_संधिवात

दाह कोठला, या प्रश्नावरून लिहावेसे वाटले. मला अनेक वर्षे संधिवाताभ आमवात आहे. दाह सांध्यांत असला तरी हृदयाला त्याची झळ लागते, हे मला फार उशिरा कोणीतरी सांगितले. या रोगात हृदयविकाराची जोखीम सर्वसाधारण लोकांच्या साधारण दीडपट असते. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशींतही नेहमीच्या जोखीम-कोष्टकातून येणाऱ्या आकड्याला १.५ ने गुणण्यास सांगितलेले आहे. कोलेस्टेरॉलचा आकडा चांगला असूनही माझ्या डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केले ते याच हिशेबाने. वर टीएनएफ अडवण्याच्या औषधांचा अनुभव सांगितला आहे, त्याला माझ्या बाजूने एक पुस्ती जोडतो: ज्यांचे हृदय शाबूत आहे अशा आमवाताच्या रुग्णांमध्ये तीच औषधे घेणाऱ्यांना झटके कमी येतात, असे मोठ्या नोंदणी-अभ्यासांत दिसले आहे. एकच औषध एका रुग्णाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरते, म्हणून मला शिरेतून औषध देण्यापूर्वी दर खेपेला पायांवरची सूज आणि धाप यांची विचारणा होते. प्रश्नकर्त्यांच्या बंधूंना सांध्यांचा, सोरायसिसचा किंवा तत्सम काही त्रास असेल, तर तो हृदयाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावा. आम्ही रुग्ण एका विभागातले दुखणे दुसऱ्या विभागात सांगत नाही.

पेशीवेडी

हृदयवैद्य यांच्या मांडणीशी एका ठिकाणी माझा मतभेद आहे. त्यांनी कोल्चिसिनचा उल्लेखच केला नाही. वातरक्त म्हणजे गाउटवर फार जुन्या काळापासून चालत आलेले हे स्वस्त औषध न्यूट्रोफिलांच्या हालचालींना आणि एनएलआरपी३ च्या जुळणीला अटकाव करते. २०१९ मधील कोलकॉट चाचणीत झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत रोज ०.५ मिलिग्रॅम देऊन ४,७४५ रुग्णांत झटका, पक्षाघात अशा घटनांचे एकत्रित प्रमाण ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आले. त्यानंतर २०२० मध्ये स्थिर हृदयविकाराच्या ५,५२२ रुग्णांत ३१ टक्क्यांची सापेक्ष घट दिसली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच मात्रेला हृदयविकारासाठी मान्यता दिली. म्हणजे माणसांत काहीच रुळलेले नाही, असे म्हणणे योग्य होणार नाही.

हृदयवैद्य

आपण दिलेली आकडेवारी बरोबर आहे. मी ती गाळली, कारण प्रश्न रिमॉडेलिंगचा होता आणि त्या चाचण्या प्रामुख्याने पुढचा झटका, पक्षाघात, पुन्हा अँजिओप्लास्टी यांचे मोजमाप करणाऱ्या होत्या. वाहिनीच्या भिंतीतील दाह आणि हृदयस्नायूतील दाह या शेजारच्या, पण वेगळ्या गोष्टी आहेत. स्नायूच्या बाबतीत कोल्चिसिनने आतापर्यंत निराशा केली आहे. मोठ्या झटक्यानंतर लगेच पाच दिवस ते देऊन एमआरआयने पाहणाऱ्या २०२१ मधील १९२ रुग्णांच्या चाचणीत मृत भागाचे आकारमान घटले नाही, जवनिका पसरण्यातही फरक पडला नाही, उलट जवनिकेत गुठळी होण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्या गटात अधिक आढळले. स्थिर हार्ट फेल्युअरमध्ये सीआरपी खाली आले, पण रुग्णाच्या कार्यक्षमतेत सुधारणा झाली नाही. आणि २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांची जी मोठी चाचणी आली, तिच्यात झटक्यानंतर दिलेल्या कोल्चिसिनने पुढच्या घटनाही कमी झाल्या नाहीत. त्यामुळे वाहिन्यांच्या बाबतीतही आता पूर्वीइतकी खात्री उरलेली नाही. मी ते निवडक रुग्णांना देतो, मूत्रपिंडे तपासून आणि क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासारखी औषधे चालू नाहीत हे पाहून.

इंटरल्यूकिन-६ अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबची एकच मात्रा झटक्याच्या आरंभीच्या तासांत १९९ रुग्णांत देऊन पाहिली गेली, तेव्हा अधिक स्नायू वाचल्याचे एमआरआयवर दिसले. ही दिशा मला अधिक आशादायक वाटते, पण अद्याप ती नित्याच्या उपचारात नाही.

पेशीवेडी

वाहिनीची भिंत आणि स्नायू यांतला भेद मान्य. मग स्नायूबद्दलच बोलायचे तर ज्यांना झटका कधी आलाच नाही, त्यांचाही विचार व्हायला हवा. इजेक्शन फ्रॅक्शन ५० च्या वर, पण हृदय ताठर आणि धाप लागते, असे हार्ट फेल्युअरचे जवळपास निम्मे रुग्ण असतात. त्यांच्या बाबतीत २०१३ मध्ये एक उपपत्ती मांडली गेली, ती अशी की, स्थूलता, मधुमेह, उच्च रक्तदाब, फुप्फुसांचे जुने विकार यांमुळे सर्व शरीरात मंद दाह धुमसत राहतो, त्याने हृदयातील सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर बिघडते, नायट्रिक ऑक्साइड कमी पडते आणि स्नायूतील टायटिन हे स्प्रिंगसारखे प्रथिन ताठ होते. झटक्यात स्नायू आधी मरतो आणि दाह मागून येतो. येथे क्रम उलटा आहे, दाह आधी आणि स्नायूचा बिघाड नंतर. ही उपपत्ती सर्वच रुग्णांना लागू पडेल असे मला वाटत नाही, पण लठ्ठपणा असलेल्यांना ती चांगली बसते. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयस्नायूचा दाह, आणि संधिवाताचा ताप हे तिसरेच प्रकार. त्या तापात घशातील स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध घडलेला प्रतिसाद हृदयातील मिळत्याजुळत्या प्रथिनांवर उलटतो आणि झडपा कायमच्या आखडतात.

विचारणारा_धाकटा

गोळीचा विषय घरात संपवला आहे. अहवालावर सीआरपी अतिसंवेदनशील पद्धतीचेच आहे, आणि बंधूंच्या हिरड्यांतून रक्त येते हेही विचारल्यावर कळले. शेवटचा प्रश्न: दाह थेट दाबता येत नसेल, तर हे पसरणे रोखण्यासाठी आज हाती काय आहे आणि पुढच्या भेटीत आम्ही काय विचारावे?

हृदयवैद्य

हाती बरेच आहे, आणि त्यातील पुष्कळसे या दाहाच्या चक्राला आडमार्गाने खीळ घालणारेच आहे. अँजिओटेन्सिन अडवणारी औषधे रिमॉडेलिंग कमी करतात, हे कॅप्टोप्रिलच्या १९९२ मधील चाचणीपासून ज्ञात आहे. आता त्यांच्या जागी सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन हा पर्यायही असतो. त्यासोबत बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि मधुमेह नसला तरी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, असे चार आधारस्तंभ मिळून इजेक्शन फ्रॅक्शन ४० किंवा त्याखाली असलेल्या हार्ट फेल्युअरवर उपचार करतात. पसरलेली जवनिका या औषधांनी काही रुग्णांत पुन्हा आकुंचन पावते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की, या चारही गटांतील औषधे चालू आहेत का, आणि रक्तदाब, पोटॅशियम व क्रिएटिनिन सोसतील तितक्या मात्रेपर्यंत ती वाढवली आहेत का. अनेकदा सुरुवातीची अल्प मात्रा महिनोन्‌महिने तशीच चालू राहते.

दुसरा प्रश्न एमआरआयचा आणि पुढच्या इकोच्या वेळेचा. पूर्ण मात्रेतील औषधे किमान तीन महिने घेऊन पुन्हा इको करावा. त्यानंतरही इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा त्याखाली गेलेले असेल, तर व्रणातून उद्भवणाऱ्या धोकादायक ठोक्यांपासून संरक्षण म्हणून आयसीडी, म्हणजे विजेचा झटका देऊन ठोके सुधारणारे यंत्र, बसवण्याचा विचार होतो. ३८ वर तो प्रश्न आज नाही.

फ्लूची लस टोचून घेतलेली नसेल तर घ्यावी. झटक्यानंतर लगेच ती दिलेल्या २,५७१ रुग्णांच्या २०२१ मधील चाचणीत मृत्यू, पुढचे झटके आणि स्टेंटमध्ये गुठळी यांचे एकत्रित प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होते. हिरड्या दंतवैद्यांना दाखवाव्यात, पण स्टेंटसाठीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यासाठी स्वतःहून थांबवू नयेत. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करावा. बंधूंचे वजन रोज सकाळी एकाच वेळी लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.